भुरभुरत्या केसांची वेणी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

तलम केसांची वेणी टिकत नाही, अशी तक्रार करणारी बरीच पत्रं आली. त्यांतले वेगवेगळ्या तऱ्हेचे प्रश्न निवडून इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांत एक समजूत दिसली, की वेणी सुटते म्हणजे ती पुरेशी आवळलेली नसते. तलम केसांच्या बाबतीत ती समजूत खरी नाही. या केसांना आधी पकड द्यावी लागते आणि मग ताण सगळीकडे सारखा ठेवावा लागतो.

प्रश्न : माझे केस कमरेपर्यंत आहेत, पण फार रेशमी आणि बारीक. सकाळी घट्ट वेणी घातली तरी दुपारपर्यंत ती सैल पडते आणि बटा बाहेर येतात. आणखी आवळली तर डोकं ठणकतं आणि वेणी सुटायची ती सुटतेच. काय चुकतंय?

उत्तर : आवळणंच चुकतंय. वेणी एकत्र राहते ती केसांच्या आपसातल्या घर्षणामुळे. ०.०६ मिलिमीटरपेक्षा बारीक केसाला साधारणपणे तलम म्हणतात, ०.०८ च्या पुढचा केस जाड. आकड्यांतला फरक किरकोळ वाटतो, पण गोल धाग्याची जाडी निम्मी झाली की वाकवताना होणारा विरोध सोळापट कमी होतो. जाड केस पेडात वाकवला की तो सरळ व्हायला बघतो, शेजारच्या केसांना रेटा देतो आणि त्या रेट्यानं वेणी आपोआप भरलेली, आवळलेली राहते. तलम केस वळवाल तसा वळतो आणि मुकाट निसटतो. जोर लावून ओढलं तर सगळे केस सारखे ओढले जात नाहीत. काही तारेसारखे ताठ होतात, काही सैलच राहतात, आणि दुपारी बाहेर येतात ते हेच सैल राहिलेले.

आता नेमकी सुरुवात कुठून होते ते बघा. मानेजवळची पहिली दोन-तीन वळणं ढिली पडत असतील तर दोष बुंध्याचा. मध्येच फुगे येत असतील तर पेड असमान आहेत. शेंडा उलगडत वर येत असेल तर रबराचं बघायला हवं.

पकडीची तयारी केस धुतानाच करायची. नुकते धुतलेले केस सगळ्यांत निसरडे असतात, म्हणून शक्य असेल तर दिवसभर टिकवायची वेणी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी घाला. तोवर टाळूचं नैसर्गिक तेल थोडं उतरलेलं असतं आणि ते अगदी पुरेसं होतं. धुतल्या दिवशीच घालायची असेल तर कंडिशनर कानाच्या खालच्या केसांनाच लावा आणि केस पूर्ण वाळायच्या थोडं आधी लिंबाएवढा मूस (केस बसवायचा फेस) दोन्ही तळव्यांवर पसरून मधल्या लांबीपासून शेंड्यापर्यंत जिरवा. मूस नसेल तर कोरड्या केसांवर ड्राय शाम्पू, म्हणजे पाण्याशिवाय वापरायची फवाऱ्याची पूड, चालतो. डबा २० ते २५ सेंटिमीटर लांब धरून, बटा उचलून आतून फवारा, दोन मिनिटं थांबा आणि बोटांनी चोळून मग विंचरा. न थांबता लगेच विंचरलं तर पूड कंगव्याला लागून निघून जाते.

बुंध्याला आधार द्या. मानेपाशी केस एकत्र करून बारीक रबर लावा आणि त्याखाली वेणी घाला. कमरेपर्यंतच्या केसांचं सगळं वजन बिनआधाराच्या पहिल्या वळणावर येतं, ते आता रबर पेलतो. रबर दिसायला नको असेल तर एक बारीक बट त्यावर गुंडाळून खालून बॉबी पिननं अडकवा.

पेड पाडताना डोळ्यांनी अंदाज न घेता बोटं लावून बघा. तिन्ही सारखे लागले पाहिजेत. प्रत्येक पेड वेगळा करून बोटं शेंड्यापर्यंत खाली न्या. हे केलं नाही तर एका पेडातले केस खाली दुसऱ्यात अडकलेले असतात आणि वेणी घालताना ताणले जाऊन मध्येच झुबका बाहेर येतो. वेणी घालत असताना हाताखाली मोकळ्या केसांत एक उलटी वेणी आपोआप तयार होत असते, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दर दोन-तीन वळणांनी खालचे केस बोटांनी मोकळे करा. तलम केसांत हा गुंता फार लवकर बसतो.

आता ताण. हात वळणापासून २-३ सेंटिमीटरवरच हवेत. लांब धरले की मधला भाग ढिला राहतो. बाजूचा पेड मध्ये आणला की दोन्ही हात बाजूंना ओढा, खाली नाही. खाली ओढलं की भार टाळूवर जातो आणि वळण मात्र ढिलंच राहतं. पेड मध्ये आणताना प्रत्येक वेळी बोटांत अर्धा पीळ द्या. पिळामुळे सुटे केस पेडाच्या आत गुंडाळले जातात आणि वेणी तुकतुकीत दिसते. तलम केसांसाठी पुष्कळ युक्त्या सांगितल्या जातात, त्यांतली आम्हांला हीच सर्वांत मोलाची वाटते. पहिल्यांदा हात अडखळेल. चार दिवसांत सवय होते.

शेंडा फार खाली नेऊ नका. एकेक पेड आगकाडीएवढा बारीक झाला की थांबा, मग खाली ४-५ सेंटिमीटरचा झुपका राहिला तरी चालेल. रबर लावण्याआधी बोटांवर थोडा हेअर स्प्रे घेऊन तेवढाच भाग चोळा आणि तो चिकटसर लागला की रबर बांधा. गुळगुळीत सॅटिनची स्क्रंची (कापडात शिवलेलं रबर) अशा शेंड्यावर एकटी टिकत नाही. आत बारीक रबर, वरून स्क्रंची, असं करा.

प्रश्न : वेणी छान बसते, पण कपाळावर आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना छोटे छोटे केस उभे राहतात. पाणी लावलं की बसतात, दहा मिनिटांत पुन्हा उभे. हे केस तुटतायत का?

उत्तर : तुटलेले असतील किंवा नव्यानं उगवलेले असतील, दोन्हींचा इलाज वेगळा आहे. उजेडात, गडद केसांमागे पांढरा कागद धरून एकेका केसाचं टोक बघा. नव्या, कधीच न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं होत गेलेलं असतं. तुटलेल्या केसाचं टोक बोथट, फाटलेलं किंवा दुभंगलेलं असतं. नवे केस लांबीलाही साधारण एकसारखे असतात, तुटलेले कसेही कमी-जास्त.

नवे असतील तर काळजी नको. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे ५ सेंटिमीटरचा उभा केस जवळपास पाच महिन्यांपूर्वी उगवलेला. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस जास्त गळतात आणि त्यांच्या जागी असे केस एकदम उगवतात. कपाळावर ते झालरीसारखे दिसतात. आठ-दहा सेंटिमीटर झाले की त्यांना स्वतःचं वजन येतं आणि ते खाली बसतात. तोवर ते उपटू नका, कापूही नका. कापलं की टोक बोथट होतं आणि केस आणखी ताठ उभा राहतो.

तुटलेले असतील तर कुठे तुटतायत ते बघा. भांगाजवळ आणि कानावर तुटत असतील तर रोज एकाच जागी पडणारा ताण कारण असतो. मानेच्या मागे तुटत असतील तर कॉलर, पिशवीचा पट्टा किंवा रोज एकाच ठिकाणी बांधलेलं रबर.

पाण्यानं बसलेले केस पुन्हा का उठतात? केसाच्या आतले हायड्रोजन बंध पाण्यानं सुटतात आणि वाळताना, केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. नुसतं पाणी लावून सोडून दिलं की वारा आणि हालचाल यांत केस उचलला जातो आणि तसाच उभा वाळतो. म्हणून वाळेपर्यंत तो दाबून धरायला हवा. मऊ दातांचा, केसांसाठीच ठेवलेला टूथब्रश किंचित ओला करा, त्याला वाटाण्याच्या निम्म्याएवढं हेअर जेल लावा आणि कपाळाकडून मागे, केसांच्या वाढीच्या दिशेनं दोन-तीनदाच फिरवा. त्यावर पातळ सुती किंवा सॅटिनचा रुमाल सपाट बांधून दहा मिनिटं ठेवा. रुमाल सोडताना मागे ओढू नका, वर उचला. ओढला तर बसवलेले केस त्याबरोबर उठतात.

हेअर स्प्रे थेट डोक्यावर मारू नका. फवाऱ्याच्या झोतानंच बारीक केस उडतात आणि उडालेल्या अवस्थेत कडक होतात. स्प्रे ब्रशवर मारा आणि ब्रश केसांवर फिरवा.

प्रश्न : ओल्या केसांची वेणी चापूनचोपून बसते. मग रोज ओलीच घातली तर?

उत्तर : चापून बसते ती वाळेपर्यंतच. पाण्यात केसाची जाडी साधारण १५ टक्क्यांपर्यंत वाढते, लांबी मात्र एक-दोन टक्केच. फुगलेल्या केसांना बरोबर बसलेली वेणी वाळल्यावर सैल पडणारच. शिवाय ओला केस कोरड्यापेक्षा कमी जोरात ताणला जातो आणि लवकर तुटतो. तलम केसांना हे परवडत नाही. आतले पेड तासन्‌तास दमट राहतात आणि त्यांना कुबट वास येतो, तो वेगळाच. केस जवळजवळ वाळलेले, हाताला थोडे गार लागतील इतपत झाले की वेणी घाला.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. केस खांद्याखाली, पण फार मऊ. शाळेसाठी दोन वेण्या घालते. घरी येईपर्यंत एक वेणी कानाजवळ आणि दुसरी अर्धी सुटलेली असते. जेल वगैरे लावायची इच्छा नाही.

उत्तर : लावायची गरजही नाही. लहान मुलांचे केस मोठ्यांच्या केसांपेक्षा बारीक असतात आणि त्यांचं डोकं दिवसभर हलत असतं, म्हणून इथे सगळी मदार बांधणीवर आहे.

भांग कपाळापासून मानेपर्यंत नेताना फणीचं टोक टेकवून एकाच ओढीत आणा. मागचा भांग वाकडा गेला की एका बाजूला केस जास्त येतात आणि ती वेणी खाली ओढली जाते. दुसरी बाजू क्लिपनं बाजूला धरून ठेवा, नाहीतर इकडचे केस तिकडे जात राहतात.

वेणीची जागा कानाच्या मागे आणि कानाच्या पाळीच्या पातळीला ठेवा. वर बांधलेली वेणी मुलं धावली की उसळते आणि दर उसळीला बुंधा ढिला होतो. प्रत्येक बाजूला आधी १ ते १.५ सेंटिमीटर व्यासाचं मऊ सिलिकॉन रबर लावा आणि त्याखाली वेणी घाला. कपाळाजवळचे केस त्या रबरापर्यंत पोचतच नसतील तर ओढून आणायचा प्रयत्न सोडा. कपाळापासून कानापर्यंत बट घेऊन तिला पीळ देत मागे न्या, प्रत्येक अर्ध्या पिळाला बाजूची थोडी बट त्यात घ्या आणि शेवटी तो पीळ वेणीच्या रबरात धरा. छोटे केस पिळात जेवढे नीट राहतात तेवढे पिनेनं राहत नाहीत.

रिबीन लावणार असाल तर ती वेणीच्या मध्यापासून एका पेडाबरोबर गुंफत आणा. कापडी रिबीन रेशमी केसांत पकड निर्माण करते, आणि अशी वेणी नुसत्या वेणीपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकते. सॅटिनची मात्र घेऊ नका, ती केसांइतकीच निसटते. पूर्ण शेंड्यापर्यंत आल्यावर वेणी दुमडून बुंध्याशी बांधली तर सुटायला शेंडाच उरत नाही. एवढ्या लहान केसांना हा उपाय सगळ्यांत उत्तम.

सिलिकॉन रबर संध्याकाळी ओढून काढू नका. बोथट टोकाच्या छोट्या कात्रीनं कापून टाका किंवा तेलाचा एक थेंब लावून सरकवा. रबर ओढल्यानं तुटलेले केसच पुढच्या महिन्यात वेणीभोवती उभे दिसतात. आणि मुलगी डोकं दुखतं म्हणाली तर वेणी तिथल्या तिथे सोडून पुन्हा घाला.

प्रश्न : माझे केस लेअर्समध्ये कापलेले आहेत. सागरवेणी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बटा घेत डोक्यालगत घालतात ती वेणी, घातली की वेणीभर काटे उगवल्यासारखी टोकं बाहेर येतात. दुसरी एखादी वेणी चांगली दिसेल का?

उत्तर : लेअर्समध्ये प्रत्येक थराचे केस वेगळ्या उंचीवर संपतात. ते जिथे संपतात तिथे टोक बाहेर येणारच, मग वेणी कोणतीही असो. वळणं जितकी जास्त, तितकी टोकं बाहेर यायच्या जागा जास्त. म्हणून बारीक बटांची खजुरी वेणी किंवा पाचपेडी या केसांना नको.

दोन पेडांची पिळाची वेणी तुमच्यासाठी चांगली. दोन्ही पेडांना एकाच दिशेनं, समजा उजवीकडे, घट्ट पीळ द्या आणि मग ते एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळा. उलट दिशेमुळे दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात. दोन्ही वेळा एकच दिशा धरली तर रबर लावण्याआधीच वेणी उलगडते. पिळाची वेणी जमत नाही म्हणणाऱ्यांची चूक नव्वद टक्के वेळा हीच असते. पिळात छोटी टोकं आतल्या आत गुंडाळली जातात.

सागरवेणीच हवी असेल तर उलटी घाला, म्हणजे बाजूचे पेड मधल्या पेडाच्या वरून न नेता खालून न्या. वेणी वर उठून दिसते आणि टोकं बरीचशी खालच्या बाजूला लपतात. दोन्ही बाजूंनी घेतलेल्या बटा पातळ, साधारण १ सेंटिमीटर रुंदीच्या आणि सारख्या ठेवा. बट पेडात मिसळण्याआधी तिच्या मुळापासून टोकापर्यंत बोटांची चिमट फिरवा. बोटांवर मोहरीएवढं केसांचं मेण चोळलेलं असावं. मेण वेणी पूर्ण झाल्यावर वरून लावलं तर टोकं बसतात खरी, पण वेणीवर तुळतुळीत डाग दिसतात.

तरीही राहिलेली टोकं बॉबी पिनेच्या टोकानं वळणाच्या आत ढकला. बॉबी पिनेचा नागमोडी पाय टाळूकडे आणि सपाट पाय वर, अशी ती लावायची असते. बहुतेक जणी उलट लावतात, आणि तलम केसांतून पिन घसरते ती त्यामुळेच. एका जागी दोन पिना एकमेकींवर फुली करून लावल्या की त्या हलत नाहीत.

प्रश्न : केस बसावेत म्हणून तेल लावते, पण मग वेणी दोरीसारखी बारीक दिसते.

उत्तर : तेलानं केस एकमेकांना चिकटतात, मधली हवा जाते आणि वेणीचा घेर कमी होतो. वर तेल वंगणासारखं काम करतं, म्हणजे वेणी सुटायलाही मदतच. तेल धुण्याच्या आधी लावा; खोबरेल तर केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. वेणीच्या दिवशी फार तर दोन थेंब तळव्यांवर पूर्ण पसरून, वेणी झाल्यावर, वरवर हात फिरवा. सीरमलाही हेच लागू आहे.

प्रश्न : थंडीत आणि एसीच्या खोलीत केस अक्षरशः हवेत तरंगतात. कंगवा जवळ नेला की त्याच्याकडे धावतात. वेणी कशी घालावी?

उत्तर : ही स्थितिक वीज आहे. कोरड्या हवेत केसांवर जमलेला भार वाहून जायला ओलावा नसतो. सगळ्या केसांवर एकाच प्रकारचा भार असल्यानं ते एकमेकांना दूर ढकलतात. जाड केस वजनामुळे तरी खाली राहतो, तलम केस उचलला जातो.

सगळ्यात आधी प्लॅस्टिकचा कंगवा बाजूला ठेवा. लाकडी किंवा धातूचा वापरा, आणि वापरण्याआधी लाकडाला खरखरीत कड नाही ना, हे बोटानं तपासा. धातूच्या कंगव्यावर भार साठत नाही, तो हातातून निघून जातो. विंचरणंही कमी करा, कारण प्रत्येक फेरीला घासून नवा भार तयार होतो. वेणी घालायच्या आधी शेवटची फेरी कंगव्याची न घेता किंचित ओलसर हातांची घ्या.

कंडिशनर टाळण्याची चूक तलम केसांचे बरेच जण करतात. शाम्पूनंतर केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार जास्त असतो. कंडिशनरमधले धन भाराचे रेणू तिथे चिकटतात आणि घर्षण व भार दोन्ही कमी करतात. थंडीत तो हवाच, फक्त कमी प्रमाणात, खालच्या लांबीला, आणि पाण्यानं पूर्ण निघेल असा. लोकरी टोपी किंवा नायलॉनचा स्कार्फ घालत असाल तर आत सुती अस्तर लावा. टोपी काढल्यावर केस उडाले तर हातांना साधं क्रीम लावून, ते जिरल्यावर, तळवे वेणीवरून फिरवा.

प्रश्न : वेणी जाड दिसावी म्हणून तिचे पेड ओढून सैल करतात, तसं केलं की माझी पूर्ण वेणीच विस्कटते. गंगावन लावू का?

उत्तर : आधी तुमचे केस तलम आहेत, विरळ आहेत, की दोन्ही, ते ठरवा. गळलेला एक केस अंगठा आणि तर्जनी यांत फिरवा. जाणवलाच नाही तर तलम. सगळे केस मागे एकत्र धरून घेर फितीनं मोजा. ५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर विरळ, ५ ते १० मध्यम. घेर मध्यम असेल तर पेड फुलवून काम होतं. पाचपेक्षा कमी असेल तर फुलवलेली वेणी आरपार दिसते आणि गंगावन बरं.

फुलवायची असेल तर वेणी आधी नेहमीपेक्षा जरा घट्ट घाला आणि हलका स्प्रे मारून वाळू द्या. एका हातानं शेंडा धरून ठेवा आणि शेंड्याकडून बुंध्याकडे जा. प्रत्येक पेडाची फक्त बाहेरची कड चिमटीत धरून ३ ते ५ मिलिमीटर बाहेर ओढा. बहुतेक जण वरून सुरुवात करतात. मग खालचं वळण ओढताना वरचं पुन्हा आवळलं जातं आणि हात पुन्हा वर जातो. दोन-तीन फेऱ्यांत वेणी विस्कटते. एकच केस लांब निघून आला तर तो परत ढकलू नका, त्याच पेडाचा खालचा भाग हलका ओढा, तो आपोआप आत जातो.

गंगावन वजनानं हलकं निवडा आणि ते मोकळ्या निसरड्या केसांना बांधू नका. मानेजवळच्या केसांची छोटी तिपेडी घालून रबर लावा, गंगावनाची दोरी त्या वेणीत ओवून गाठ मारा, मग तुमचे केस तीन भागांत त्याच्या तीन पेडांवर पसरा. केसांचा रंग जुळला तरी पोत जुळत नसेल तर फरक दिसतो. फार चकचकीत कृत्रिम धाग्यावर थोडा ड्राय शाम्पू चोळला तर चमक उतरते.

प्रश्न : नृत्याच्या सरावासाठी आठवड्यातून पाच दिवस घट्ट वेणी घालते. हल्ली कानाच्या वरचे केस विरळ झालेत आणि तिथे बारीक पुरळ येतं. काय लावावं?

उत्तर : लावणं नंतर, आधी ताण थांबवा. सतत ओढल्यानं केसांची मुळं सैल होतात आणि केस जातात. मुळाशी दुखणं, लाली, बारीक पुरळ आणि कडेच्या केसांचं तुटणं या त्याच्या सुरुवातीच्या खुणा आहेत. या टप्प्यावर ओढ थांबली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिली तर मूळ कायमचं बंद होऊ शकतं. त्वचारोगतज्ज्ञांना आत्ताच दाखवा, पुरळ असल्यानं घरगुती लेप नको.

सरावासाठी वेणी मानेवर, खाली घाला. कानावरचे केस ओढून न घेता सैल मागे नेऊन आकड्यानं धरा आणि भांगाची जागा दर आठवड्याला बदला. वेणी हलू नये म्हणून ती आवळण्याऐवजी दोन ठिकाणी, मानेवर आणि मध्यावर, रबर लावा. घालून झाल्यावर भुवया वर उचलून बघा. कातडी ओढल्यासारखी वाटली तर वेणी जास्त घट्ट आहे. सराव संपला की लगेच सोडा.

प्रश्न : रात्री वेणी घालून झोपावं की केस मोकळे सोडावेत?

उत्तर : खांद्याखाली लांबी असेल तर वेणी घालावी. मोकळे तलम केस उशीवर घासून गुंततात आणि सकाळी गुंता सोडवताना तुटतात. पण ही वेणी दिवसाच्या वेणीसारखी नको: सैल, मोठ्या वळणांची, मानेच्या एका बाजूला, शेंड्याला कापडी स्क्रंची. रबर नको, पिना नकोत, मेण किंवा स्प्रे लावला असेल तर आधी विंचरून काढा. उशीला सॅटिनचा अभ्रा घातला तर घर्षण कमी होतं. सकाळी वेणी सोडल्यावर शेंड्यापासून वर वर विंचरत जा. रात्रीच्या वेणीनं केसांत जी हलकी लाट येते ती ओल्या कंगव्यानं मोडू नका. त्या लाटेमुळे दिवसाच्या वेणीला चांगली पकड मिळते, आणि त्या दिवशी मूस लावला नाही तरी चालतं.